"महिन्याला किती सुटतात?" या प्रश्नाला कोणी सरळ उत्तर का देत नाही?



प्रशिक्षणाच्या प्रत्येक बॅचमध्ये एक प्रश्न हमखास येतो. पण तो वर्गात सगळ्यांसमोर येत नाही. चहाच्या सुट्टीत कोणीतरी जरा बाजूला घेतं आणि आवाज खाली करून विचारतं, "मॅडम, या धंद्यात महिन्याला सुटतात किती?"

प्रश्न एकदम बरोबर आहे. चार-पाच लाख रुपये घालून दुकान टाकायचं, त्यासाठी कधी घरातलं सोनं गहाण ठेवायचं, तर पहिला प्रश्न हाच विचारायला हवा. मग आवाज खाली का करावा लागतो? कारण लहानपणापासून ऐकलंय, बाईला वय विचारू नये आणि पुरुषाला पगार विचारू नये. दुकान चालवणाऱ्या बाईची तर वेगळीच गंमत. तिला कमाई कोणी विचारतच नाही. "छान, वेळ जातो ना!" एवढ्यावर विषय संपतो.

तर आज याच विषयावर बोलूया. उत्पन्नाबद्दल आपण गप्प का बसतो, त्या गप्प बसण्याची किंमत नवीन उद्योजकाला कशी मोजावी लागते आणि कोणालाही न दुखावता खरे आकडे कसे काढायचे.

आपण आकडा का लपवतो?

बाजारपेठेत कोणत्याही दुकानदाराला विचारा, "काय, कसं चाललंय?" उत्तर ठरलेलं असतं. "चाललंय आपलं", "भागतंय", "देवाच्या कृपेने बरं आहे", "पूर्वीसारखं राहिलं नाही हो." ज्याचा गल्ला भरून वाहतोय तोही हेच म्हणतो आणि ज्याचं दुकान पुढच्या महिन्यात बंद होणार आहे तोही हेच म्हणतो.

यामागे कारणं आहेत आणि ती सगळीच चुकीची नाहीत. मी स्वतः दुकानदार आहे, त्यामुळे ती मला चांगली माहीत आहेत. चांगली कमाई आहे असं कळलं की नातेवाईक हातउसने मागायला येतात आणि नाही म्हणणं अवघड होतं. मंडळाची वर्गणी दुप्पट होते. गाळ्याचा मालक करार संपताना भाडं वाढवायला बसलेलाच असतो. समोरच्या रिकाम्या गाळ्यात कोणीतरी तोच धंदा घेऊन येतो. भाऊबंदकी असेल तर विचारूच नका. आणि दृष्ट लागते ही भीती आहेच. दुकानाच्या दारात लिंबू-मिरची उगीच नाही लटकत.

आता दुसरी बाजू बघा. सरकारी नोकराचा पगार सगळ्यांना माहीत असतो. केंद्राच्या सातव्या वेतन आयोगात सगळ्यात खालच्या पायरीचं मूळ वेतन १८,००० रुपये आहे. हे छापील आहे, कोणीही वाचू शकतं. लग्न जमवताना मुलाचं पॅकेज उघड विचारलं जातं. निवडणुकीला उभं राहणाऱ्या उमेदवाराला उत्पन्न, मालमत्ता आणि कर्ज प्रतिज्ञापत्रात लिहून द्यावं लागतं. म्हणजे आपल्या आमदाराचं उत्पन्न आपण वाचू शकतो, पण ज्या धंद्यात आपण आयुष्याची पुंजी घालणार आहोत, तो धंदा करणारा शेजारी किती कमावतो हे आपल्याला कळत नाही.

खरे आकडे गप्प बसले की खोटे आकडे विकले जातात

आपण म्हणतो, झाकली मूठ सव्वा लाखाची. पण बाजारातल्या सगळ्यांनीच मूठ झाकली, तर नवीन माणसाने अंदाज कशावरून बांधायचा? मग तो जिथे आकडा मिळेल तिथून घेतो. आणि आकडे कोण मोठ्याने सांगतं? ज्याला काहीतरी विकायचं असतं तो. फ्रँचायझी विकणारा, मशीन विकणारा, कोर्स विकणारा, साखळी पद्धतीच्या कंपनीत आपल्या हाताखाली माणसं जोडणारा. "घरबसल्या महिन्याला ५० हजार", "सहा महिन्यांत पैसे वसूल" हे शब्द तुम्ही किती वेळा ऐकलेत?

एक उदाहरण सगळ्यांना आठवत असेल. २०१८ मध्ये पुण्यातला एक चहावाला महिन्याला १२ लाख कमावतो, ही बातमी देशभर गाजली. मोबाईलवर ती किती जणांनी किती जणांना पाठवली असेल याची गणतीच नाही. त्याच्या आसपासच्या वर्षांत गावोगावी अमृततुल्यच्या नवीन पाट्या लागल्या. यात चहाच्या धंद्याला नावं ठेवायचा प्रश्न नाही, तो चांगला धंदा आहे. मुद्दा असा की १२ लाख म्हणजे काय, हे किती वाचकांनी विचारलं? ती विक्री की नफा? किती दुकानांची मिळून? किती माणसं कामाला होती? बातमी पाठवणाऱ्याने पाठवली, वाचणाऱ्याने स्वप्न बघितलं. शेजारच्या चहावाल्याने "माझ्या एका टपरीवर एवढे सुटतात" असं मोकळेपणाने सांगितलं असतं, तर त्या बातमीचा नीट अर्थ लावता आला असता. पण तो "भागतंय" म्हणाला.

धंदा, नफा आणि हातात उरणारे पैसे: तीन वेगळे आकडे

एखादा दुकानदार मोकळेपणाने आकडा सांगतो, तेव्हाही गोंधळ होतोच. कारण मराठीत आपण "धंदा" हा शब्द विक्रीसाठी वापरतो. "आज १० हजारांचा धंदा झाला" म्हणजे १० हजारांची विक्री झाली. ऐकणाऱ्याला वाटतं, १० हजार कमावले. म्हणून एक हिशोब करून बघू. हे आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, तुमच्या गावचे आकडे तुम्ही घालायचे.

समजा एक चहाचं दुकान आहे. रोज ५०० कप, १० रुपये कप. रोजची विक्री ५,००० रुपये. महिन्यात २६ दिवस दुकान चालू, म्हणजे विक्री १,३०,००० रुपये.

आता खर्च:

- दूध, साखर, चहा पावडर, गॅस, कप मिळून कपामागे ५ रुपये: ६५,०००
- गाळ्याचं भाडं: १८,०००
- दोन कामगार, प्रत्येकी १२,०००: २४,०००
- वीज आणि पाणी: ३,०००
- फुटतूट, नासलेलं दूध, किरकोळ: २,०००

एकूण खर्च १,१२,०००. उरले १८,०००. हा झाला नफा. दुकान टाकायला ४ लाखांचं कर्ज १२ टक्के व्याजाने ४ वर्षांसाठी घेतलं असेल, तर महिन्याचा हप्ता साधारण १०,५०० रुपये बसतो. हिशोबाच्या भाषेत हप्त्यातलं फक्त व्याज खर्चात धरतात, मुद्दल नाही. पण खिशातून दोन्ही जातं. मग घरी न्यायला उरले साडेसात हजार.

म्हणजे एकाच दुकानाचे तीन आकडे झाले: १ लाख ३० हजार, १८ हजार आणि साडेसात हजार. फ्रँचायझी विकणारा पहिला आकडा सांगेल. मालक पाहुण्यांना यातला एकही सांगणार नाही. आणि घरच्यांना फक्त तिसरा दिसेल. यात खोटं कोणीच बोलत नाही, तरीही ऐकणारा फसतो.

अजून एक गोष्ट. या हिशोबात मालकाची स्वतःची मजुरी धरलेलीच नाही. सकाळी सहा ते रात्री नऊ तो दुकानात उभा आहे. त्याच्या जागी माणूस ठेवला तर १२ हजार द्यावे लागतील. म्हणजे धंद्याने खऱ्या अर्थाने कमावले फक्त ६ हजार, बाकीची त्याची हजेरी आहे. त्यामुळे कोणताही आकडा कानावर आला की तीन प्रश्न विचारा. ही विक्री आहे की नफा? हप्ता जाण्याआधी की नंतर? मालकाचा पगार धरून की सोडून?

न दुखावता आकडे कसे काढायचे?

आता मुख्य गोष्ट. कोणालाही "तुमचं उत्पन्न किती?" असं थेट विचारू नका. तो माणूस आवरता घेईल आणि तुमचा दरवाजा बंद होईल. त्याऐवजी हे करा.

१. खर्च विचारा. उत्पन्न कोणी सांगत नाही, पण खर्चाचं रडगाणं प्रत्येकजण गातो. "भाडं फार वाढलंय का हो इकडे?", "कामाला माणसं मिळतात का?", "विजेचं बिल काय येतं?" असं विचारलं की समोरचा भरभरून बोलतो. अर्धा हिशोब इथेच हातात येतो.

२. टक्क्यात विचारा. "तुम्हाला किती मिळतात?" यापेक्षा "या मालात शंभराला साधारण किती सुटतात?" हा प्रश्न दुकानदाराला खटकत नाही. यात त्याचा खाजगी आकडा उघड होत नाही आणि तुम्हाला गणित मिळतं. वरच्या चहाच्या दुकानात शंभराच्या विक्रीला साधारण १४ रुपये सुटतात. हा एक आकडा कळला तरी खूप झालं.

३. स्वतः मोजा. दुकानासमोर बसून गिऱ्हाईक मोजा. एक मंगळवार, एक रविवार, एक महिन्याची पहिली तारीख आणि एक महिनाअखेर. चहाचं दुकान असेल तर रोज किती लिटर दूध लागतं याचा अंदाज घ्या आणि एका लिटरमध्ये किती कप होतात ते घरी करून बघा.

४. दुसऱ्या तालुक्यात जा. तुमच्या गावातला दुकानदार तुम्हाला उद्याचा स्पर्धक समजतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. ५० किलोमीटर लांबच्या दुकानदाराला तुमची भीती नसते. त्याच्याकडे काहीतरी विकत घ्या, गर्दीची वेळ टाळा आणि मी अमुक गावात हाच धंदा सुरू करतेय किंवा करतोय, हे खरं सांगा. बरेच जण मनापासून सांगतात. आपल्या अनुभवाला कोणी किंमत दिली तर कोणाला आवडत नाही?

५. ज्याने तो धंदा बंद केला त्याला भेटा. हा सगळ्यात मोलाचा माणूस. त्याच्याकडे लपवायला आता काही उरलेलं नसतं. पण आदराने विचारा. "कुठे चुकलं?" असं न विचारता "मी सुरू करतोय, कशाची काळजी घेऊ?" असं विचारा.

फ्रँचायझी घेणार असाल तर अजून एक काम करा. कंपनीने दिलेल्या यादीतल्या दुकानांबरोबरच यादीत नसलेल्या दोन शाखांनाही स्वतः जाऊन भेटा.

आणि आपला आकडा? तो कोणाला सांगायचा?

इथपर्यंत दुसऱ्याचे आकडे काढायचं बोललो. उद्या तुमचं दुकान सुरू होईल, तेव्हा तुम्हीही "भागतंय" म्हणणार का? पाहुण्यांना खुशाल म्हणा. पण काही ठिकाणी मूठ उघडावीच लागते.

पहिलं म्हणजे घर. नवरा-बायको दोघं दुकानात बसतात, पण नेमकं किती सुटतं हे दोघांतल्या एकालाच माहीत, अशी घरं भरपूर आहेत. गल्ल्यात पैसे दिसतात म्हणून घरखर्च वाढतो, आणि ते पैसे व्यापाऱ्याचे आहेत हे दुसऱ्याला कळतच नाही. उधारी कोणाकडे, देणं कोणाचं, विमा आहे की नाही, हे एकालाच ठाऊक असेल आणि त्याला काही झालं, तर मागचे काय करणार? झाकली मूठ श्रीमंती लपवते, तशीच रिकामी मूठही लपवते. धंदा तोट्यात जातोय हे घरात शेवटी कळतं, तोपर्यंत खाजगी सावकाराचं व्याज सुरू झालेलं असतं. चार महिने आधी बोललं असतं तर एखादा कामगार कमी करून, छोटा गाळा घेऊन धंदा वाचलाही असता. महिन्यातून एकदा, अर्धा तास, वही उघडून घरात बसा. मोठ्या मुलांनाही बसू द्या.

दुसरं म्हणजे बँक आणि सीए. इथे लोक गमतीशीर वागतात. कर वाचावा म्हणून विवरणपत्रात वर्षाचं उत्पन्न दीड लाख दाखवतात आणि नंतर महिना १५ हजार हप्ता बसेल एवढं कर्ज मागायला जातात. दीड लाख म्हणजे महिन्याला साडेबारा हजार. त्यातून १५ हजारांचा हप्ता कसा जाणार, असं बँकेने विचारलं तर राग कशाला? तुम्हीच कागदावर लिहून दिलंय.

छोट्या धंद्यांसाठी ४४ एडी या नावाने ओळखली जाणारी अनुमानित कर योजना आहे. वार्षिक विक्री २ कोटींपर्यंत असेल, आणि रोखीने आलेली रक्कम एकूण विक्रीच्या ५ टक्क्यांच्या आत असेल तर ३ कोटींपर्यंत, ही सोय घेता येते. विक्रीच्या किमान ८ टक्के, आणि बँक किंवा यूपीआयने आलेल्या रकमेवर किमान ६ टक्के, उत्पन्न धरून विवरणपत्र भरता येतं. मोठ्या हिशोबाच्या वह्या ठेवण्याचा त्रास वाचतो. यात तुमचा धंदा बसतो का, हे सीएला नक्की विचारा.

आणि विक्री लपवण्याचे दिवस आता तसेही राहिले नाहीत. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात यूपीआयच्या नोंदींवरून छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या. बंगळुरूमध्ये काही दुकानांवर "यूपीआय नाही, फक्त रोख" अशा पाट्या लागल्या. इथेही विक्री आणि उत्पन्न यातला फरक लक्षात ठेवा. जीएसटी नोंदणीची मर्यादा वर्षाच्या विक्रीवर मोजतात, नफ्यावर नाही. महाराष्ट्रात फक्त माल विकणाऱ्यांसाठी ती सर्वसाधारणपणे ४० लाख आणि सेवेसाठी २० लाख आहे. खाण्यापिण्याचा व्यवसाय सेवेत मोडतो. आपल्या उदाहरणातल्या चहाच्या दुकानाची वर्षाची विक्री १५ लाख ६० हजार होते. म्हणजे घरी साडेसात हजार नेणारा मालक त्या २० लाखांच्या रेषेपासून फार लांब नाही!

तिसरं म्हणजे बरोबरीचे व्यावसायिक. हे कसं करायचं, ते आपल्या गावातल्या बचत गटातल्या बायकांकडून शिकावं. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि हिशोबाच्या नोंदी ही गटाची पंचसूत्री. बैठकीत सगळ्यांसमोर कोणी किती कर्ज घेतलं, किती फेडलं, कोणाचा हप्ता राहिला हे वाचून दाखवतात. तिथे कोणाला दृष्ट लागत नाही, उलट अडचण वेळेवर कळते. तुम्हीही चार-पाच जणांचा गट करा. एकाच गल्लीतले, एकाच मालाचे नकोत. एक किराणावाला, एक पार्लरवाली, एक मोबाईल दुरुस्तीवाला, एक खानावळवाली. महिन्यातून एकदा भेटा आणि टक्क्यात बोला. भाडं विक्रीच्या किती टक्के, पगार किती टक्के, उधारी किती दिवसांत येते. दुसऱ्याचं भाडं १० टक्के आणि आपलं २२ टक्के हे कळलं, की गाळा बदलायचा विचार आपोआप सुरू होतो.

बाकी कोणालाही सांगायला आपण बांधील नाही

मोकळेपणा म्हणजे दुकानावर पाटी लावणं नव्हे. नॉर्वेत कोणाचंही करपात्र उत्पन्न कोणीही बघू शकतं, फक्त २०१४ पासून कोणी बघितलं हे त्या माणसालाही कळतं. आपल्याकडे तसं नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये आयकर विवरणपत्र ही वैयक्तिक माहिती मानली. व्यापक जनहिताचं कारण असल्याशिवाय ती माहितीच्या अधिकारात मिळत नाही. तेव्हा लग्नाच्या पंगतीत कोणी खोदून विचारलं, तर हसून सांगा, "काका, हप्ते वेळेवर जातायत, व्यापाऱ्याचं देणं नाही." खरंही आहे आणि पुरेसंही आहे. फक्त मोठेपणासाठी आकडा फुगवू नका. तुमचं ऐकून एखादा पोरगा उद्या दुकान टाकेल.

या आठवड्याचा गृहपाठ

एक कोरं पान घ्या. तुम्ही जो धंदा करणार आहात त्याची महिन्याची विक्री, नफा, हप्ता आणि हातात उरणारी रक्कम, या चार ओळी लिहा. जो आकडा माहीत नाही तिथे प्रश्नचिन्ह टाका. मग वरच्या पाच पद्धतींनी एकेक प्रश्नचिन्ह खोडत जा. सगळी प्रश्नचिन्हं जाईपर्यंत गाळ्याचं डिपॉझिट देऊ नका. ज्यांचा धंदा आधीच सुरू आहे, त्यांनी हेच पान आज रात्री घरच्यांसमोर भरायचं.

पुढच्या व्हिडिओत मालकाने स्वतःचा पगार कसा ठरवायचा ते बघणार आहोत. हे पान तेव्हा सोबत ठेवा, लागेल. भेटूया!